मयत गोदावरीचं मत

यंदा बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या आणि त्याच आठवड्यात गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या मतदानाची तारीख लागली. आमचं घर नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावर. इथल्या कॉलनीत त्या तारखेचं कुणाला सोयरसुतक नाही. मी मात्र आज, रविवारी, अर्धा किलो शेंगा निवडून मीठ घालून उकडायला ठेवल्यात आणि फोन गॅसच्या ओट्यावर, डोळ्यांसमोर ठेवलाय. तिकडे निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या एका गावात सकाळी साडेसातपासून मतदान सुरू आहे. त्या गावातल्या गोदावरीनं मला शब्द दिलाय, मत टाकलं की पहिला फोन तुम्हालाच. गेल्या वेळचं तिचं मत माझ्या हातानं बुडालं होतं. म्हणून हा फोन मला हवाच आहे.

गावाचं नाव सांगत नाही. चूक माझी होती, त्यासाठी गावाला कशाला बदनाम करायचं.

त्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं. शिक्षकाची नोकरी लागली की शिकवण्याबरोबर आणखी बरंच काही पदरात पडतं. कधी जनगणना, कधी शौचालयं मोजणं, आणि बारा महिने तेरा काळ मतदार यादी. घरोघर फिरायचं, नवी नावं घालायची, गेलेली काढायची. हे काम करणाऱ्याला सरकारी भाषेत बीएलओ म्हणतात. गावाच्या जिभेला ते काही जमलं नाही. मी 'बिलोबाई' झाले. पोरंसुद्धा शाळेत 'बाई' आणि गल्लीत 'बिलोबाई' म्हणायची. मला राग येत नसे. उलट हातात यादी आणि खांद्याला पर्स घेऊन गल्लीत शिरलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. तेच नडलं.

शेंगांना आता उकळी आलीय. हा वास नाकात शिरला की मला तो हिवाळा आठवतो. पुरुषभर उंचीची, वाळत आलेली तूर, आणि तिच्यातून कापत जाणाऱ्या, फक्त डोक्याची फडकी दिसणाऱ्या बाया. संध्याकाळी परतताना त्यांच्या केसांत तुरीचा पाला असायचा आणि हात चिकट, काळपट झालेले असायचे. राखेनं घासले तरी तो चिकटपणा जात नसे. त्याच हातांनी त्या शाळेच्या हापशावर पाणी भरायच्या, कारण गावाचा नळ मोठ्या गल्लीपाशी येऊन थांबला होता. खालच्या गल्लीत पाइप होता, पाणी नव्हतं. पाइप टाकल्याचं उद्घाटन झालं होतं, नारळ फुटला होता, पेढे वाटले होते. पाणी यायचं तेवढं राहिलं होतं.

खालच्या गल्लीचं मतदानही असंच. माणसं मत टाकायची, बाया राहायच्या. सकाळी आठला तुरीत जायचं, सहाला यायचं, आणि मतदान साडेपाचला बंद. मी विचारलं की म्हणायच्या, "आमच्या मताचं काय घिऊन बसलाव बाई, मालकानं टाकलं म्हंजी झालं की." मालक म्हणजे नवरा. मग मी शाळेत मुलांकडून घोषणा पाठ करून घ्यायची, प्रभातफेरी काढायची, फलकावर सुविचार लिहायची. प्रभातफेरी निघायची तेव्हा ह्या बाया रानात पोचलेल्या असायच्या. आता हसू येतं. ज्यांच्यासाठी फेरी काढली त्यांच्या बंद दारांपुढून आम्ही ढोल बडवत जात होतो.

चूक घडली ती पाच वर्षांपूर्वीच्या निवडणुकीच्या आदल्या वर्षी, येळवशीच्या आदल्या दिवशी. आमच्या लातूरकडे वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव रानात जाऊन पूजा करतं, भज्जी आणि आंबील खातं. आदल्या दिवशी घरोघर नुसती गडबड. मला वाटलं, बाया रानात न जाता घरीच सापडतील, यादी उरकून घेऊ. सापडल्याही. काशीबाईंच्या घरी मी पोचले तेव्हा काशीबाई ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि आत चुलीपाशी त्यांची सून पातेल्यात काहीतरी ढवळत होती. काशीबाई सीमेपलीकडच्या, माहेर कानडी. माणूस गोड, बोलणं तोडक्या मराठीत सुरू झालं तरी पोटभर व्हायचं. पण मला अजून दहा घरं करायची होती आणि प्रत्येक घरात कुणीतरी वाटी हातात देत होतं.

मी उभ्याउभ्याच यादी वाचली. "गोदावरी माणिक. आहेत का?"

काशीबाईंचा हात थांबला. त्यांनी पदर डोक्यावर पुढं ओढला. "यव्वा! त्या वारल्या की वो बाई. लई वर्सं झाली."

"कोण तुमच्या?"

"सासूबाई माझ्या. लई गुणाच्या व्हत्या."

मी पर्समधून लाल पेन काढलं, नावावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, मयत. आत चुलीपाशी ढवळण्याचा आवाज थांबला होता. तो थांबलेला मला ऐकू आला होता, हे मी आज शपथेवर सांगू शकते. पण मी पुढच्या घराकडे वळले.

खरी गोष्ट अशी होती. काशीबाईंच्या सासूचं नाव गोदावरी, सासऱ्यांचं माणिक. काशीबाईंना मुलगा झाला तेव्हा आज्याचं नाव नातवाला ठेवलं, माणिक. घरोघर ठेवतात. पुढं ह्या माणिकचं लग्न ठरलं ते थेट हदगावकडच्या मुलीशी, आणि योगायोग असा की मुलीचं नाव गोदावरी. म्हणजे लग्न झालं की नवी सून हुबेहूब 'गोदावरी माणिक' होणार, मेलेल्या आजेसासूचंच नाव. आता काशीबाईंनी सुनेला हाक कशी मारायची? सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. मग लग्नातच तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, आरती. त्या घरात त्या दिवसापासून गोदावरी नावाची जिवंत बाई नव्हती. यादीत मात्र होती. वयाच्या रकान्यात सत्तावीस लिहिलेलं होतं. एवढं मी पाहिलं असतं तरी पुरे होतं, पण पाहिलं नाही.

लाज ह्याची वाटते की मलाही दोन नावं आहेत. शाळेच्या कागदावर एक, सासरच्या हाकेत दुसरं. लग्नानंतर पहिले सहा महिने मला कुणी हाक मारली की मी दुसऱ्याच कुणाकडे तरी बघायची. ज्या बाईला हे माहीत आहे, तिच्याच हातून हे व्हावं!

पुढचं सगळं नियमानं झालं. म्हातारी जुन्या काळातली, मृत्यूचा दाखला कुठून येणार? दोन पंचांच्या सह्या घेतल्या. दोघंही गोदावरीबाईंच्या तेराव्याला जेवलेले, त्यांनी डोळे झाकून सही केली. मग नोटीस निघाली, 'गोदावरी माणिक यांचे नाव कमी करण्यात येत आहे, हरकत असल्यास कळवावे.' मयत माणसालाच हरकत विचारायची ही पद्धत कुणी काढली कोण जाणे. नोटीस चावडीच्या फळ्यावर आठ दिवस लटकली. गावातल्या बाया चावडीवरून जाताना पदर सावरून, मान खाली घालून भरभर जातात. गोदावरी बारावी झालेली, तिनं एकदा मान वर केली असती तर स्वतःच्या मरणाची बातमी तिनं स्वतः वाचली असती.

शेजारचे काका आत्ताच येऊन गेले. बँकेतून निवृत्त झालेत, माणूस भला आहे, उकडलेल्या शेंगांचा वास आला की बरोबर दारात हजर. म्हणाले, "कुणाचा फोन येणार आहे? सारखं बघताय." मी सांगितलं, एका बाईचा, ग्रामपंचायतीला मत टाकणार आहे. काका हसले. "ग्रामपंचायतीला? अहो, त्यानं काय होतंय?" मला फटकन् बोलावंसं वाटलं, आणि बोललेच. महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी हे काका सगळं कुटुंब गाडीत घालून हुरडा खायला गेले होते. दर पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं गटार तुंबतं तेव्हा मात्र सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो. "काका," मी म्हणाले, "पंतप्रधान तुमचं गटार काढायला येणार आहेत का?" त्यांनी चार शेंगा उचलल्या आणि मुकाट्यानं गेले. थोडं जास्तच बोलले मी. पण मला त्याचं वाईट वाटत नाही.

गोदावरीला हे कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर तिच्या बापानं. तिनं मला नंतर सांगितलं. अठरा पूर्ण झाली तेव्हा बापानं हदगावला तिचं नाव यादीत घातलं. वर्षभरात लग्न ठरलं. पाठवणीच्या आधी बाप म्हणाला, "पोरी, तुझं मत इथं ठेवून जाऊ नको, सोबत घेऊन जा." आणि लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात हा माणूस एसटीच्या तीन गाड्या बदलून निलंग्याला आला, अर्ज भरून मुलीचं नाव सासरच्या गावच्या यादीत आणून ठेवलं आणि लेकीच्या हातचा चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. सासरी नाव बदललं हे त्याला माहीत होतं. पण तो म्हणाला, यादीत मी ठेवलेलंच राहील. त्यानं आणून ठेवलेलं ते नाव मी लाल रेघेनं पुसलं होतं.

हदगावकडचं बोलणं तिच्या तोंडून गेलं नाही. 'करून राहिले, जाऊन राहिले' अशी बोलायची. गल्लीतल्या बाया तिला 'राहिली-राहिली' म्हणून चिडवायच्या. ती हसायची. पण तुरीच्या कापणीला बायांची टोळी निघाली की पुढं तीच. कुणाच्या रानात जायचं, किती वाजता निघायचं, हे ती ठरवायची आणि तिचं ऐकलं जायचं. त्या वर्षी निवडणूक लागली आणि खालच्या गल्लीची जागा बायांसाठी राखीव झाली, तेव्हा तिनं टोळीला सांगितलं, आधी मत, मग तूर. एक तास उशिरा गेलो तर तूर कुठं पळून चालली नाही. आणि मालकाला विचारायचं नाही, पाणी आपण वाहतो. इतकंच. मी वर्षानुवर्षं काढलेल्या प्रभातफेऱ्यांनी जे झालं नाही ते हदगावच्या ह्या पोरीनं रानाच्या वाटेवर चालता चालता केलं.

मतदानाच्या सकाळी एवढी थंडी होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मतदान आमच्याच शाळेत. शंभर मीटरवर चुन्याची रेघ मारलेली, तिच्या बाहेर माझं टेबल, टेबलावर यादी आणि चिठ्ठ्या. साडेसातला अजून दोन मिनिटं होती आणि खालच्या गल्लीतून बायांची रांग येताना दिसली. डोक्याला फडकी, कमरेला भाकरीचं गाठोडं, हातात विळे. थेट रानात जायच्या तयारीनं आलेल्या. पुढं गोदावरी. पोलिसानं विळे बघितले आणि त्याचा चेहराच बदलला. "अहो, हत्यारं घेऊन कुठं?" गोदावरी म्हणाली, "हत्यार काय, विळा हाय दादा. तूर कापून राहिलो आम्ही, माणसं नाही." सगळ्यांनी माझ्या टेबलापाशी विळ्यांचा ढीग घातला. मला इतका आनंद झाला होता की मी उभीच राहिले.

मी चिठ्ठ्या वाटू लागले. नाव, अनुक्रमांक, चिठ्ठी. नाव, अनुक्रमांक, चिठ्ठी. शेवटी गोदावरी पुढं आली. मी तिला आरती म्हणूनच ओळखत होते. "आरती माणिक," म्हणत मी यादी चाळली, नाव नव्हतं.

"बाई, आरती नाही. यादीत गोदावरी असेल. गोदावरी माणिक."

माझा हात तिथंच थांबला. येळवशीच्या आदल्या दिवशीची ओसरी, काशीबाईंचा पुढं आलेला पदर आणि आतला थांबलेला आवाज, सगळं एकदम समोर आलं. मला खोटं बोलता आलं असतं. वरून गडबड झाली, कॉम्प्युटरची चूक, असं म्हणता आलं असतं आणि तिनं विश्वास ठेवला असता. मी म्हणाले, "गोदावरी, तुझं नाव मी काढलं. मयत लिहून."

"म्हणजे मी मेले का, बाई?"

"त्या दिवशी तू आत होतीस ना? बोलली का नाहीस?"

"सासूबाई बोलून राहिल्या होत्या. त्यांच्या मधी कशी बोलू? आन् मला वाटलं, जुन्या गोदावरीचंच चाललंय."

ती तरीही आत गेली. केंद्राध्यक्षांनी यादी पाहिली, पुन्हा पाहिली, तिचं आधार कार्ड पाहिलं. त्यावर आरती. तिच्याजवळचं मतदार ओळखपत्र पाहिलं, त्यावर गोदावरी. मग ते म्हणाले, ताई, यादीत नाव नाही, मला काही करता येत नाही. ते चुकीचं बोलले नाहीत. त्या दिवशी त्या शाळेत चुकलेली बाई एकच होती आणि ती चुन्याच्या रेघेबाहेर टेबलापाशी उभी होती.

ती बाहेर आली आणि बायांनी ओळखलं. त्यातली एक थोराड बाई ओरडली, "हिला न्हाई तर आमाला बी न्हाई! चला गं, उचला इळे." दोघी-तिघींनी विळ्यांच्या ढिगाकडे हात घातले. एका नावाची चूक होती, आता सगळी गल्ली निघाली होती. आणि माझ्याकडे बोलायला तोंड नव्हतं.

बोलली गोदावरी. तिचा आवाज चढला होता, रडू आणि राग दोन्ही त्यात होतं. "ठेवा ते विळे खाली! माझं गेलं म्हणून तुमचं बी घालवून राहिल्या काय? आज तुम्ही माघारी गेल्या तर खालच्या गल्लीत सगळ्याच बाया मयत. मग लिहू द्या बाईला सगळ्यांच्या नावापुढं. जा, लाइनीत उभ्या राहा. विळे मी सांभाळते."

एकेक करत सगळ्या आत गेल्या. गोदावरी विळ्यांच्या ढिगाशेजारी उकिडवी बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसावं की नाही, मला कळेना. बसले नाही. माझ्या टेबलापाशी पुढची माणसं येऊन उभी होती.

टोळी मत टाकून तुरीत गेली. मला वाटलं तीही गेली. पण दुपारी जेवायच्या वेळेला दुसऱ्या एका टोळीच्या बाया आल्या, त्या म्हणाल्या, राहिली-राहिलीनं धाडलं. मग आणखी काही आल्या. गोदावरी त्या दिवशी कापायला गेलीच नव्हती. ती रानारानांतून फिरत होती. बांधावर उभी राहून बायांना म्हणत होती, जा, तासाभरात परत या, तोवर तुमची सरी मी धरते. आणि खरंच धरत होती. एक टोळी मत टाकून येईपर्यंत तिच्या जागी तूर कापायची, मग पुढच्या रानात. साडेपाचला दहा मिनिटं असताना ती शाळेपाशी आली, पाय धुळीनं भरलेले, हात काळे चिकट. माझ्यापुढं तिनं डावा हात उलटा धरला. बोटावर शाई नव्हती.

"पुढल्या बारीला," ती म्हणाली. एवढंच बोलून गेली.

मतदान संपल्यावर आकडे जुळवताना तहसीलचे साहेब खूश होते. खालच्या गल्लीत बायांचं एवढं मतदान त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या टोळीतली यादीत असलेली एकही बाई राहिली नव्हती. मला कागदाकडे बघवेना. जी राहिली ती यादीत नव्हतीच, म्हणून कागदाला तिची उणीव कळण्याचा प्रश्नच नव्हता. टक्का मोजताना यादीतली माणसं धरतात. जिला आपण यादीतून काढलं, तिच्यामुळे टक्का कधीच कमी होत नाही. त्यानंतर पेपरात मतदानाचे टक्के छापून आले की मी तो आकडा वाचते आणि मनात विचारते, आणि गोदावरी कुठाय ह्यात?

दुसऱ्या आठवड्यात अर्ज घेऊन मी तिच्या घरी गेले. ओसरीवर काशीबाई, माणिक आणि ती. मी हात जोडून चूक कबूल केली. काशीबाई रडायलाच लागल्या. "मीच मारलं गं माझ्या सुनंला." माणिक शहाणा मुलगा, तो म्हणाला, "आता आरतीच लिव्हा बाई. आधारला तेच हाय, झटक्यात हुईल."

गोदावरी म्हणाली, "आरतीचं कुठं मत गेलंय? गेलं ते गोदावरीचं. जिला मारलं तिलाच उभी करा."

मी काशीबाईंकडे पाहिलं. त्या मान हलवत म्हणाल्या, "लिव्हा बाई, तिचंच लिव्हा. फकस्त मला ते नाव घ्या म्हनू नगा. सासूचं नाव हाय, जिभंवर येतच न्हाई."

मग आम्ही दोघी तहसीलच्या चकरा मारू लागलो. हदगावहून बाप शाळा सोडल्याचा दाखला घेऊन पुन्हा तीन एसट्या बदलून आला. दोन नावांची बाई एकच, ह्याचं प्रतिज्ञापत्र झालं. ग्रामसेवकाकडून हयातीचा दाखला झाला. एकदा खिडकीतल्या माणसानं कॉम्प्युटरकडे बघत, मान वर न करता सांगितलं, "या नावाची बाई मयत आहे." गोदावरी खिडकीच्या गजाला तोंड लावून म्हणाली, "मग साहेब, तुम्ही कोणासंग बोलून राहिले?" त्या माणसानं मान वर केली. रांगेतली माणसं हसली, तोही हसला आणि अर्ज घेतला. नाव यायला उन्हाळा उजाडला. नव्या यादीत ते मी छापलेलं पाहिलं तेव्हा तिथंच पायरीवर बसून रडले. लाल पेन त्या दिवसापासून बंद केलं. आता वह्याही निळ्या शाईनं तपासते. मुलं विचारतात, मी सांगत नाही.

आणखी एक बदललं. त्यानंतर यादी घेऊन गेले की मी 'अमुक आहे का' असं ओसरीवर विचारायची नाही. आत जायची, चुलीपर्यंत, आणि प्रत्येक बाईला म्हणायची, तुझं नाव तू सांग. माहेरचं, सासरचं, दोन्ही. आधी लाजायच्या. मग तोंडातल्या तोंडात सांगायच्या. कित्येक जणींनी आपलं जुनं नाव वर्षानुवर्षांनी स्वतःच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं असेल. एका घराला पाच मिनिटं लागायची तिथं अर्धा तास लागू लागला. साहेब कुरकुरले. कुरकुरू दिलं.

मग माझी बदली नांदेडला झाली. दिल्लीच्या आणि मुंबईच्या निवडणुका झाल्या तेव्हा गोदावरीनं मत टाकलं, मला फोनवर सांगितलंही. पण आवाजात काही नव्हतं. म्हणाली, "ते लांबचं, बाई. नळ काही तिथून येत नाही." नळ खालच्या गल्लीत अर्ध्यापर्यंत आला आहे. ज्या बाईला तिच्या टोळीनं निवडून दिलं तिनं भांडून तेवढा आणला. उरलेल्या अर्ध्यासाठी गोदावरीला मत टाकायचं होतं, आणि तिची ती पुढली बारी यायला पाच वर्षं लागली.

शेंगा उकडून गार झाल्या. साडेदहा झाले, अकरा झाले. काय झालं असेल? पुन्हा नाव गेलं असेल का? माझ्यासारखीच कुणी घाईची बाई ओसरीवरून परतली असेल का? मी दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला. सव्वाअकराला तो वाजला.

"बाई, मत टाकलं."

"इतका उशीर का गं?"

"अवं, गंमत ऐका." मागं वारा होता, ती चालता चालता बोलत होती. आत पहिल्या टेबलावरच्या माणसानं मोठ्यानं नाव वाचलं, गोदावरी माणिक. तिथं एका उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून कोण बसलेले, तर माझ्या त्या पंचनाम्यावर सही केलेले आजोबा. ते ताडकन् उठले. म्हणाले, थांबा, ही बाई वारलेली हाय, तेराव्याला जेवलोय मी, माझी सही हाय. आणि खोटं बोलत नव्हते बिचारे. केंद्राध्यक्षांनी नाव थांबवलं. गोदावरीनं ओळखपत्र पुढं केलं, तरी आजोबा बसेनात. रांग थांबली.

रांगेत मागं काशीबाई होत्या. नाव वाचलं तेव्हा सवयीनं त्यांनी पदर पुढं ओढला होता. तो तसाच धरून त्या रांग सोडून टेबलापाशी आल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग सासूबाई बोलल्या, बाई. त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं." गोदावरीनं सासूचा सूर धरला. "म्हणाल्या, गोदावरी माझी सासू, ती गेली. गोदावरी माझी सून, ही हाय. दाबू द्या तिला बटन."

मी ओट्याला टेकले. मग विचारलं, "आता कुठं आहेस तू?"

"तुरीत. पलीकडच्या रानात चार बाया राहिल्यात, त्यांना आणायला चालून राहिले."